पहिल्यापासून

तिचं नाव क्षमा कुणी ठेवलं देव जाणे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात, तशातली गत. तिने आजवर कुणाला क्षमा केल्याचं हिंदी मुलखातल्या दीक्षितपुऱ्याच्या त्या गल्लीत कुणाच्या ऐकिवात नव्हतं. दूधवाल्याने पाणी घातलं तर ती त्याला भर गल्लीत उभा करायची, आणि गॅसवाल्याने सिलिंडर दारात आदळला तर तोच सिलिंडर त्याला पुन्हा उचलून नीट ठेवायला लावायची. राग तिच्या नाकावर बसलेला असे. तो बहुतेक वेळा योग्य माणसावरच निघे, एवढं मात्र तिच्या बाजूने सांगायला हवं.

त्या सोमवारी तो निघाला शाळेच्या फाटकापाशी. मुलगी समृद्धी दुसरीत होती. क्षमा तिला न्यायला स्कूटी घेऊन उभी होती, आजूबाजूला आणखी पाच-सात आया. तेवढ्यात वर्गाच्या राजश्री मॅडम स्वतः बाहेर आल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "समृद्धी की मम्मी, आपकी बेटी से स्पेलिंग पूछो तो बस होंठ हिलाती रहती है. मंतर पढ़ती है क्या? पूरी क्लास हँसती है."

बाजूच्या दोन आया हसल्याही. क्षमाने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की एकीला एकदम मोबाईलची आठवण झाली.

"होंठ हिलाती है तो कुछ बोलती भी होगी," क्षमा म्हणाली. "आपने सुना?"

"सुनने को कुछ हो तब ना! डिक्टेशन देती हूँ, कागज कोरा. शुक्रवार को प्रिन्सिपल मॅडम के सामने ओरल है. नहीं बता पाई तो सी सेक्शन में जाएगी. मैं कुछ नहीं कर सकती."

सी सेक्शन म्हणजे काय हे त्या फाटकापाशी उभ्या असलेल्या प्रत्येक आईला ठाऊक होतं. मागच्या बाजूला, सायकल स्टँडला लागून पत्र्याची खोली होती. ज्यांच्यावर शाळेने पाणी सोडलं ती पोरं तिथे बसत. बाई कधी येत, कधी नाही. तिथून वर आलेलं पोर कुणी पाहिलेलं नव्हतं. सातव्या वर्षी पोरीच्या कपाळावर 'ढ' चा शिक्का मारायचा आणि मग दहावीपर्यंत तो बघत बसायचा, एवढाच त्या खोलीचा अर्थ.

क्षमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पोर मागे उभी होती, दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत. क्षमाने तिला स्कूटीवर बसवलं आणि निघाली. बडे फव्वाऱ्यापाशी गर्दीत अडकल्यावर तिने मागे वळून पाहिलं. समृद्धीने उजव्या हाताच्या चिमटीत आपले दोन्ही ओठ घट्ट धरून ठेवले होते.

"हे काय करून राहिली?"

पोरीने हात काढला. "कुछ नहीं."

"मराठीत बोल. काय करून राहिली?"

"ओठ हलतात ना माझे," समृद्धी म्हणाली. "मुलं मला मंतरवाली म्हणतात."

गर्दी सुटली तशी क्षमाने स्कूटी घराकडे दामटली. मागे पोर बसलेली नसती तर ती स्कूटी वळवून परत शाळेतच गेली असती.

खरं तर या घरात स्पेलिंग न येणं ही गोष्टच क्षमाच्या डोक्यात शिरत नव्हती. कारण तिचे सासरे, चिंतामणी. फॅक्टरीतून निवृत्त झालेला, ताठ कण्याचा, इस्त्रीच्या सदऱ्याचा माणूस. त्यांच्या घरी रोज दिवेलागणीला परवचा व्हायचा. देवापुढे दिवा लागला, शुभंकरोती झालं, की सतरंजी अंथरायची आणि पोरांनी मांडी घालून पाढे म्हणायचे. आजोबांच्या आजोबांपासून हे चालत आलेलं. घराभोवती सगळी हिंदी, पण त्या सतरंजीवर मराठी. शेजारचा तनय यायचा, गल्लीतली आणखी दोन-तीन मराठी घरांतली पोरं यायची. चिंतामणी पाटावर बसून लाकडी पट्टीने फरशीवर ठेका धरायचे.

समृद्धी इंग्रजी शाळेत गेली तेव्हा त्यांनी परवच्यात नवी भर घातली. इंग्रजीतले जे जे चावट शब्द, बोलायचे एक आणि लिहायचे भलतेच, ते सगळे त्यांनी एबीसीडीच्या क्रमाने एका माळेत ओवले आणि पाढ्यांच्या चालीवर बसवले. ए जी ए आय एन अगेन, ए एन वाय एनी, बी ई सी ए यू एस ई बिकॉज. पट्टी टक टक वाजायची आणि पोरं डोलत म्हणायची. नियम एकच. जो अडखळला, त्याने पहिल्यापासून म्हणायचं. मधून सुरू करायचं नाही. "मधून म्हटलेली आरती देवाला पोचते काय?" असं ते विचारायचे, आणि या प्रश्नाला त्या घरात कुणी कधी उत्तर दिलं नव्हतं.

त्या सोमवारीसुद्धा क्षमा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. समृद्धी घडाघडा म्हणत होती. फ्रेंड, मेनी, पीपल, सेड, स्कूल, देअर. हूपर्यंत एकही चूक नाही. शेवटचा शब्द झाला तशी पट्टी थांबली, चिंतामणींनी पुढच्या पोराकडे मान वळवली.

मग घोडं कुठे पेंड खातं? सगळं येतं, आणि शाळेत कागद कोरा?

रात्री जेवताना तिने नवऱ्याला सांगितलं. सचिन बिजली ऑफिसात होता, स्वभावाने इतका गरीब की वांग्याच्या भाजीत वांगं नसलं तरी तो मुकाट जेवला असता.

"चलो, होईल हळूहळू," तो म्हणाला.

"शुक्रवारी आहे. हळूहळू कसं होईल?"

"शाळेत जाऊन बोलू का मी?"

"तुम्ही काय बोलणार?"

सचिनने विचार केला. घास हातात धरून बराच विचार केला. "बघू," तो म्हणाला. क्षमाने भाताचं भांडं असं ठेवलं की सासऱ्यांनी पानावरून मान वर केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ओट्यापाशी मटर सोलायला बसली. थंडीतले दिवस, घराघरात मटराचे ढीग. समृद्धीला समोर बसवलं. "तू नुसते दाणे काढ," ती म्हणाली. "आणि मी विचारते ते सांग. फ्रेंड."

समृद्धीने एक शेंग उचलली आणि तिचे ओठ हलायला लागले. आवाज नाही.

"फ्रेंड, समृद्धी."

ओठ हलतच होते. डोळे कुठेतरी भिंतीवर.

"काय पुटपुटून राहिली? फ्रेंड विचारलं मी!"

पोरगी दचकली. शेंग खाली पडली, आणि हात सरळ ओठांकडे गेला. क्षमाने तो हात पकडला. "धरू नको ओठ. मोठ्याने म्हण जे म्हणायचं ते. मला ऐकू दे."

समृद्धी बारीक आवाजात म्हणाली, "ए जी ए आय एन अगेन. ए एन वाय एनी. बी ई सी ए..." ती पाढ्याच्या चालीत, अंग किंचित डोलवत, एकेक शब्द ओलांडत चालली होती. कुड आला, एव्हरी आला, आणि मग, "एफ आर आय ई एन डी, फ्रेंड." तिने आईकडे पाहिलं.

"आता सेड," क्षमा म्हणाली.

पोरगी पुन्हा म्हणाली, "ए जी ए आय एन अगेन."

क्षमाच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिला एका क्षणात सगळं दिसलं. मॅडम म्हणतात, फ्रेंड. पोर अगेनपासून निघते. ती फ्रेंडपर्यंत पोचते तोवर मॅडम चार शब्द पुढे गेलेल्या असतात. पोर घाबरून अडखळते. अडखळली की घरचा नियम, पहिल्यापासून. आणि वर्ग हसतो. कागद कोरा राहील नाही तर काय होईल? पोरीला सगळे शब्द येत होते. पण तिच्याकडे शब्द नव्हते, माळ होती. त्यातला एक मणी सुटा काढून द्यायला तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

"काहून पहिल्यापासून म्हणते तू दर वेळी?"

"मधून नाही येत," समृद्धी म्हणाली. "आणि आजोबा म्हणतात, मधून म्हणायचं नसते."

क्षमा उठली. मांडीतले दाणे घरंगळून स्वयंपाकघरभर गेले, तिने पाहिलंही नाही. चिंतामणी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. सासऱ्यांना ती मामाजी म्हणायची, आणि लग्नानंतरच्या दहा वर्षांत त्यांच्यापुढे तिने आवाज चढवलेला नव्हता. बाकी गावभर चढवला होता.

"मामाजी, आजपासून समृद्धी परवच्याला बसणार नाही."

पेपर खाली आला. "काय झालं?"

"तुमच्या माळेपायी पोर सी सेक्शनात चालली आहे, हे झालं. तिला एक शब्द सुटा सांगता येत नाही. विचारलं की सुरुवातीपासून निघते. तिथे मॅडम हिच्यासाठी थांबून राहतील काय?"

"सुनबाई, याच परवच्यावर सचिन शिकला. योगेंद्र शिकला, आज पुण्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. पाया पक्का असला की..."

"योगेंद्र भाऊजींचं मला माहीत नाही, ते फोनवर दोन मिनिटांच्या वर बोलत नाहीत. पण सचिनचं मला विचारा! भाजीवाला म्हणतो, मटर चाळीस रुपये, सात किलो घ्या. हा माणूस तिथे उभा राहून चार एके चार पासून म्हणतो, ओठ हलवत. भाजीवाला मला विचारतो, भाभी, भैया की तबियत ठीक है ना?"

चिंतामणींनी पेपर गुडघ्यावर ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते क्षमाने पाहिलं नाही, कारण तिची गाडी आता उतारावर लागली होती.

"भांडतानासुद्धा मधून सुरू करता येत नाही त्यांना. कालच्या गोष्टीवर बोलायचं असलं तर लग्नापासून काढतात, आणि तिथवर पोचायच्या आत झोप येते. ऑफिसात कुणी दरडावून विचारलं की तोंड बंद. इतकी वर्षं मला वाटत होतं, माझा नवरा भित्रा आहे. भित्रा नाही तो. त्याला सुरुवात सापडत नाही! तुम्ही घरातल्या माणसांना मधून बोलायचंच शिकवलं नाही, मामाजी."

असं बोलणं त्या घरात कधी झालं नव्हतं. चिंतामणींनी पेपरची घडी केली, घडीवर घडी केली. "माझं चुकलं असेल," ते अतिशय थंड आवाजात म्हणाले, ज्याचा अर्थ आपलं काडीचंही चुकलेलं नाही असा होता. "आता तुम्हीच शिकवा. बघू."

"शिकवतेच," क्षमा म्हणाली.

आणि ती हात धुऊन मागे लागली. मंगळवार संध्याकाळपासून ती पोरीवर शब्द फेकत सुटली. कणीक मळता मळता, "पीपल!" जिना चढता चढता, "स्कूल!" वेणी घालताना, दात घासताना, स्कूटीवर सिग्नलला. क्रम कधीच सारखा नाही. हू नंतर बिकॉज, बिकॉजनंतर देअर. समृद्धीच्या ओठांनी अगेनकडे धाव घेतली की क्षमा कडाडायची, "मधून! मधून सांग!" चुकलं की, "पुन्हा!" बरोबर आलं की पुढचा शब्द. पोर दोनदा रडली. एकदा क्षमाचा हात उगारला गेला, आणि तिने तो तसाच वळवून कणकेच्या गोळ्यावर आपटला. कणीक त्या दिवशी छान मऊ झाली.

संध्याकाळी बाहेर सतरंजीवर परवचा चालूच होता. चिंतामणींनी तो बंद केला नव्हता, उलट आवाज वाढवला होता. पट्टी पूर्वीपेक्षा जोरात वाजत होती. तनय आणि बाकीची पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत होती, आणि ती माळ दाराच्या फटीतून स्वयंपाकघरात यायची. समृद्धीचे ओठ त्याबरोबर आपोआप हलू लागायचे. क्षमाने दार लावलं. तरी ऐकू येत होतं. मग तिने मिक्सर लावला. आत काही नव्हतं. रिकामा मिक्सर घरघरत राहिला आणि त्या आवाजावर ती ओरडत राहिली, "मेनी! सांग, मेनी!"

सचिन ऑफिसातून आला, दारात उभा राहिला, बाहेर पट्टी आणि आत मिक्सर. "काय चालून राहिलं आहे हे?" त्याने विचारलं. क्षमाने मिक्सर एक घर पुढे केला. तो बूट काढून मुकाट्याने मटर सोलायला बसला.

गुरुवारपर्यंत पोरीला शब्द मधून यायला लागले. सगळे नाही, पण बहुतेक. ओठ हलायचे, क्षणभर चाचपडायचे आणि मग शब्दावर नेमके उतरायचे. क्षमाला आत कुठेतरी बरं वाटलं. पण शुक्रवार उद्यावर होता, तेव्हा तिने आणखी शब्द विचारले, आणि आणखी.

शुक्रवारी सकाळी ती स्कूटी बाहेर काढत होती, तर चिंतामणी इस्त्रीचा सदरा घालून, केस चापून बसवून दारात उभे.

"तुम्ही कुठे मामाजी?"

"शाळेत. माझं शिकवणं काय लायकीचं आहे, ते माझ्या डोळ्यांनी बघतो."

"स्कूटीवर तिघं नाही मावत."

"मी ऑटोने येतो. समृद्धी, चल माझ्यासोबत."

समृद्धीने आईकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं, आणि एकटीच पुढे चालू लागली. शेवटी तिघंही ऑटोने गेले, समृद्धी मधोमध.

प्रिन्सिपल मॅडमची खोली लहान होती. टेबलामागे त्या, बाजूच्या खुर्चीवर राजश्री मॅडम, हातात कागद. समृद्धीला टेबलासमोर उभं केलं. क्षमा आणि चिंतामणी मागच्या भिंतीला लावलेल्या खुर्च्यांवर बसले.

"बेटा, डरना नहीं," प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या. त्यांना घाई होती, दाराबाहेर आणखी पालक उभे होते. "मॅडम पूछेंगी, तुम बताना."

राजश्री मॅडमनी कागदाकडे पाहिलं आणि मग पोरीच्या तोंडाकडे. पोरीच्या डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. "सेड," त्या म्हणाल्या. "ही सेड. स्पेलिंग बताओ."

क्षमाला दिसलं. पाठमोऱ्या पोरीचा उजवा हात हळूहळू वर गेला आणि ओठांपाशी पोचला. आणि तिचं अंग त्या ओळखीच्या ठेक्यात किंचित डोललं. अगेनपासून निघाली होती.

"देखिए मॅडम," राजश्री मॅडम म्हणाल्या, "शुरू हो गया. हाथ नीचे करो! साफ बोलो!"

"आप उसका मुँह क्यों देखती हैं?" क्षमा उभीच राहिली. "कान किस लिए हैं? थोड़ा रुकिए ना!"

"आप बैठिए," प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या. "बच्ची का टेस्ट है, आपका नहीं."

"सुनबाई, शेवटी माळ तोडलीच तुम्ही," चिंतामणीही उठले. "आता ना इकडची ना तिकडची झाली पोर. समृद्धी, बेटा, पहिल्यापासून म्हण. मी आहे ना. पहिल्यापासून."

"मामाजी, खबरदार! समृद्धी, मधून सांग! काल आलं होतं तुला. मधून!"

"हाथ नीचे, समृद्धी!"

"पहिल्यापासून, बेटा, घाई नको."

"मधून!"

"ये क्या तमाशा है? आप दोनों बाहर जाइए!"

"चूप!"

हा आवाज कुणाचा ते आधी कुणाला कळलं नाही. दाराबाहेरच्या चपराशाने पडदा सारून आत डोकं घातलं. समृद्धीचा हात ओठांवरून खाली आला होता. दोन्ही मुठी आवळलेल्या, कान लालबुंद.

"चूप बसा सगळे! चुप रहो सब!" ती दोन्ही भाषांत ओरडली, कुणी सुटायला नको म्हणून. "एस ए आय डी, सेड!"

 समृद्धी थांबलीच नाही. ती राजश्री मॅडमकडे वळली. "पी ई ओ पी एल ई, पीपल. डब्ल्यू एच ओ, हू." मग प्रिन्सिपल मॅडमकडे. "एफ आर आय ई एन डी, फ्रेंड. सी ओ यू एल डी, कुड." मग ती मागे फिरली, आणि आईकडे आणि आजोबांकडे बघत, डोळ्यांत पाणी आणि आवाजात अंगार, एकेक शब्द तोंडावर फेकत राहिली. मेनी. देअर. बिकॉज. स्कूल. ना चाल, ना ठेका, ना क्रम. शेवटी तिने म्हटला तो अगेन, आणि मग श्वास घेतला.

प्रिन्सिपल मॅडमनी चष्मा काढला, पुसला. "ये कोई तरीका है बात करने का? बड़ों को चुप बोलते हैं? सॉरी बोलो."

समृद्धी त्यांच्याकडे वळली. "पहले बताइए. सही था?"

"समृद्धी, पहले सॉरी."

"नहीं. पहले आप बताइए. सही था कि नहीं?"

क्षमाच्या जिभेवर केव्हापासून एक लांबलचक भाषण तयार होतं. चार दिवस ती ते रचत होती, मटर सोलताना, भांडी घासताना, रात्री कूस बदलताना. त्यात मंतरवाली होतं, सी सेक्शनची पत्र्याची खोली होती, शाळेची फी होती, आणि शेवटी प्रिन्सिपल मॅडमना तोंड लपवायला जागा राहू नये अशी दोन वाक्यं होती. त्यातलं एकही अक्षर तिला बोलता येईना. पोरगी आईसाठी काही मागत नव्हती, स्वतःसाठीही फार मागत नव्हती. तिला फक्त एवढंच हवं होतं.

राजश्री मॅडमनी हातातला कागद टेबलावर ठेवला. "सही था," त्या म्हणाल्या.

"सब?"

"सब सही था, बेटा."

"सॉरी मॅडम," समृद्धी लगेच म्हणाली, आणि फ्रॉकच्या बाहीने नाक पुसलं.

प्रिन्सिपल मॅडमनी घड्याळ पाहिलं. मुलगी ए सेक्शनमध्येच राहील, पण घरी जरा तमीज शिकवा, आणि पुढच्या पालकांना आत पाठवा, असं त्या एका दमात म्हणाल्या. चिंतामणींनी हात जोडले. क्षमाने जोडले नाहीत. एवढा राग तिच्यात शिल्लक होता, आणि तो असायलाच हवा होता.

बाहेर व्हरांड्यात ऊन पडलं होतं. तिथे पोचेपर्यंत तिला कळलं होतं की आता उरलेला राग कुणावर आहे. परवच्यात बरोबर म्हटलं की पट्टी पुढच्या पोराकडे जायची. शाळेत बरोबर लिहिलं की लाल शाई लागायची नाही, एवढंच. आणि तिने स्वतः? बरोबर आलं की पुढचा शब्द. मटराच्या ढिगापाशी पोरीने फ्रेंड म्हणून तिच्याकडे पाहिलं होतं, थांबून पाहिलं होतं, आणि तिने म्हटलं होतं, आता सेड. तोंडावर कौतुक केलं की पोर शेफारतं, हे तिच्या माहेरी अधारतालला शिकवलं होतं आणि सासरीही तेच. गावभर चुका दाखवत फिरणाऱ्या क्षमाने आपल्या पोरीला चार दिवसांत एकदाही बरोबर म्हटलं नव्हतं. तिला स्वतःचाच इतका संताप आला की डोळे भरून आले.

चिंतामणी खांबापाशी थांबले होते. ते घसा खाकरून म्हणाले, "आवाज खणखणीत आहे पोरीचा. सचिनचा असा कधी निघाला नाही." मग त्यांना आणखी काही म्हणायचं होतं, पण सुरुवात सापडली नाही.

क्षमा समृद्धीसमोर उकिडवी बसली. पोरीचे खांदे धरले. "समृद्धी, सगळे बरोबर होते. एकही चुकला नाही. काल पण बरोबर होते. परवा पण."

समृद्धीने आईकडे रोखून पाहिलं. नाक अजून लाल होतं.

"तू आता सांगून राहिली?" ती म्हणाली, आणि खांद्यावरचे हात झटकून वर्गाकडे निघून गेली.